दारं सोडून काही नाही

ओल्बियाच्या विमानतळावर सहाव्या खिडकीशी
दोन तास उभं राहिल्यावर कळलं
की माझं कार्ड चालत नाही.
पैसे आहेत त्यात, म्हटलं.
पैशांचा प्रश्न नाही, ती म्हणाली,
हे डेबिट आहे, क्रेडिट लागतं.
म्हणजे खिशात असलेल्याला नाही,
उधारीवर जगणाऱ्याला गाडी.
इथंच घोडं अडलं.

तिच्या छातीवर पाटी: मिरेल्ला.
बोलण्यात डोंगराकडचा हेल, माझ्यासारखाच,
माझ्यावर फक्त एकोणीस वर्षांचा जर्मन गंज.
मी आमच्या सार्दू बोलीत सांगितलं,
वडील गेलेत. उद्या दहाला ओरुनेत पुरायचंय.
तिनं मान वर केली.
मग खाली बघून, स्वच्छ इटालियनमध्ये:
'संपूर्ण संरक्षण' घेतलंत, तर डेबिट चालवून घेऊ.
दिवसाला चौतीस युरो.
टायर, काचा, छप्पर आणि गाडीचं पोट सोडून.

संपूर्णातून एवढं सोडल्यावर
उरतं काय?
दारं, ती म्हणाली.

दारं!
बाई, मी वोल्फ्सबुर्गला दारंच बसवतो.
उजवी, पुढची. पट्टा सरकतो, दार येतं,
बिजागरी, बोल्ट, तारांचा झुबका,
आणि शेवटी तळव्यानं एक थाप,
जी कुठल्याच नियमात लिहिलेली नाही.
दिवसाला चारशेच्या वर थापा.
आणि माझ्याकडे
घरी जायला गाडी नाही.

सही केली. अकरा ठिकाणी.
अक्षरं मुंगीएवढी, मुंग्या तरी ओळीत चालतात.

मी मागितली होती लहानशी, दोन दारांची.
कागदावर होतं 'किंवा तत्सम'.
तत्सम म्हणजे नऊ माणसांची पांढरी व्हॅन,
फ्रेंच, उजवं दार किंचित लोंबलेलं.
लाजत लाजत गावात शिरलो,
बापाच्या मातीला आलोय की
हॉटेलची गिऱ्हाइकं गोळा करायला!

पण सकाळी चर्चसमोर
पास्कोआ आत्या काठी टेकत आली, न विचारता चढली.
मग तिची जाऊ. मग मधवाल्याची विधवा.
आठ जणी, आठ काळे रुमाल,
कोणीच पट्टा लावला नाही.
स्मशानभूमी गावाबाहेर, चढावर,
बाबांची पेटी पुढच्या गाडीत,
आणि मागे मी, माझ्या हातात एवढं मोठं स्टिअरिंग.
त्या रडत नव्हत्या.
मागच्या बाकावर भाडं किती पडलं यावर वाद चालला होता.

परत करताना एक पोरगा आला, हातात बॅटरी.
देवघरात उंदीर शोधावा तसा फिरला.
मिळाला: उजव्या दारावर, बोटभर ओरखडा.
दारं संरक्षणात आहेत, मी म्हणालो.
बाहेरून, तो म्हणाला, हा आतून आहे.
आत्याची काठी.
तीनशे ऐंशी युरो.

मिरेल्लानं बिल छापलं,
आणि यंत्र कुरकुरत असताना हळूच, बोलीत विचारलं,
ओरुनेचे कोण? बाकीझिओ? मधमाश्यांचा?
तोच.
माझी आजी त्यांच्याकडून मध घ्यायची, म्हणाली,
आणि एक युरोही कमी केला नाही.
बिलाची घडी मात्र अशी घातली,
चारही कडा जुळवून,
जशी कोणी बिलाची घालत नाही.

तीन आठवड्यांनी जर्मनीत पाकीट:
वेगमर्यादा ओलांडली. दंड वेगळा येईल.
आपलं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल
आमचे अठ्ठेचाळीस युरो.
सोबत फोटो, मागून काढलेला,
वेळ नऊ बावन्न.
मागच्या काचेतून आठ काळे रुमाल,
एक जरा वळलेला, काहीतरी सांगत असलेला.

त्या दिवसाचा दुसरा फोटो कोणीच काढला नव्हता.

पैसे भरले. शिव्या दिल्या, दोन्ही भाषांत.
फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला,
आणि दार लावताना सवयीनं
एक थाप.